शून्य मेंढ्यांची वाडी

१. गाडी थांबली नाही

लस घेऊन निघालेली गाडी खंडुळवाडीच्या फाट्यावर आली तेव्हा सगळी वाडी रस्त्याकडेला उभी होती. त्या सकाळी कुणी मेंढरं चरायला सोडली नव्हती. टोचायला माणूस येणार म्हणून कळप जाळीत कोंडून ठेवले होते आणि आत कोकरं भुकेनं ओरडत होती. ड्रायव्हरने वेग कमी केला. शेजारी बसलेल्या माणसाने हातातला कागद पाहिला, मान हलवली आणि गाडी तशीच पुढच्या गावाला निघून गेली. कागदावर छापलं होतं : खंडुळवाडी, मेंढ्या शून्य.

थोड्याच दिवसांत वाडीतली पहिली मेंढी दगावली.

हे सगळं मला मायाक्काने सांगितलं, तेही अक्कलकोट रोड एमआयडीसीत, माझ्या भावाच्या टॉवेलच्या कारखान्यात. तिचा नवरा तिथे मागावर आहे. भावाचा फोन आला, "अक्का, जरा येऊन जा. हिचं काहीतरी कॉम्प्युटरचं आहे, मला ओ की ठो कळत नाही." मी महेश्वरी येमूल. सोलापुरात एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे घरातल्या फ्रीजपासून आधार कार्डापर्यंत जे जे बिघडतं ते माझ्याकडेच येतं. मी कुरकुरतच गेले.

मायाक्का मंगळवेढ्याकडची. एका संस्थेने शेळ्या-मेंढ्यांना पीपीआर या रोगाची लस द्यायचं काम घेतलं होतं. त्याआधी कुठल्या वाडीत किती जनावरं आहेत ते मोजायला गावोगावच्या बायका-माणसं नेमली होती, त्यांतली ही एक. घरोघर फिरायचं, आकडे भरायचे, प्रत्येक वाडीची एक फाईल करून पाठवायची.

"म्या पाठीवली व्हती की फाईल, म्याडम," ती म्हणाली. मागांच्या खडखडाटात तिला ओरडूनच बोलावं लागत होतं. "पर सायब म्हनत्यात, तुजी फाईल आलीच न्हाय. कामावरनं काढलं मला. त्ये जाऊं द्या. वाडी माज्याशी बोलंना झालीया. सासू म्हनती, तू लिवाय-वाचाय शिकलीस आन् आमची मेंढरं कागदावरनं पुसलीस."

"लस अजून शिल्लक आहे?"

"हाय म्हनत्यात. पुढल्या शनवारपतुर थंडाव्यात ठेवणार, मग दुसऱ्या जिल्ह्याला. फाईल आलती असं कुनी दावलं तर गाडी परत येईल." तिने पदराने तोंड पुसलं. "आमच्या घरची मेंढरं अजून धड हायती. शेजारच्या जाळीत लागन झालीया."

मेलेल्या मेंढीचं मी काही करू शकत नव्हते. पण त्या छापील शून्याचा मला राग आला. चार-पाचशे मेंढरांच्या वाडीत शून्य येतंच कसं?

२. फाईल

संस्थेचं ऑफिस सात रस्ता चौकाजवळ. प्रकल्पप्रमुख राजशेखर हा गोड बोलणारा, इस्त्रीचा शर्ट घालणारा गृहस्थ. त्याने चहा मागवला आणि चहा यायच्या आतच निकालही दिला.

"मॅडम, त्या बाईचं ऐकू नका. फाईल पाठवलीच नाही तिने. आमचं सगळं कॉम्प्युटरवर चालतं. मुलगा ठेवलाय, नंदीश. त्याने आर भाषेत प्रोग्राम लिहिलाय. फोल्डरमधल्या सगळ्या फायली एका झटक्यात वाचतो, एकाखाली एक जोडतो आणि यादी काढतो. ह्यूमन एरर नाहीच."

आर मी रोज शिकवते. संख्याशास्त्रासाठीच केलेली ती प्रोग्रामिंगची भाषा. शंभर फायली शंभरदा उघडत बसण्यापेक्षा तिला फोल्डर दाखवायचा आणि सांगायचं, यातलं सगळं वाच. ती वाचते. ह्यूमन एरर नाही असं मात्र मी वर्गात कधीच म्हणत नाही.

"प्रोग्राम बघू?"

"तो नंदीशच्या लॅपटॉपवर. बहिणीचं लग्न आहे, अक्कलकोटला गेलाय. फोन उचलत नाही."

"मग फोल्डर तरी दाखवा."

तो कुरकुरला, डेटा गोपनीय आहे वगैरे म्हणाला. पण माझं उठण्याचं लक्षण दिसेना तेव्हा त्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. ओळीने फायली होत्या, वाड्यांच्या नावांच्या. मी बोट ठेवलं.

"ही काय?"

खंडुळवाडी. फाईल तिथेच होती. तारीखही मुदतीच्या आतली.

राजशेखरच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं. "रिकामी असेल," तो म्हणाला आणि त्याने ती उघडली. रिकामी नव्हती. सगळ्यात वर बिरोबाच्या नावानं चांगभलं, त्याखाली रकाने, त्याखाली एकेक घर आणि त्याची मेंढरं. सगळं नीटनेटकं भरलेलं. म्हणजे मायाक्का खरं बोलत होती. फाईल पोचली होती आणि तरी यादीत शून्य होतं.

"अजून कुठे शून्य आलंय?" मी विचारलं.

त्याने यादी काढून दिली. शून्याच्या वाड्या विखुरलेल्या होत्या; काही मंगळवेढ्याकडे, काही अक्कलकोटच्या बाजूला. आणि त्यांतल्या प्रत्येकीची फाईल फोल्डरमध्ये होती. कुठली वाडी कुणी मोजली आणि मोजणारा राहतो कुठे ते मी त्याला विचारून शेजारी लिहीत गेले आणि माझा हात थांबला. निंगव्वा नावाच्या बाईने मोजलेल्या सगळ्या वाड्यांचे आकडे नीट आले होते, फक्त तिच्या स्वतःच्या वाडीपुढे शून्य होतं. मायाक्काचं तेच. एक धनाजी नावाचा कार्यकर्ता सोडला तर सगळ्यांचं तेच. ज्याची-त्याची राहती वाडी तेवढी गायब.

राजशेखरनेही ते पाहिलं आणि त्याला एकदम जोर आला. "बघा! स्वतःच्या गावात फिरलेच नाहीत हे लोक. घरी बसून आकडे ठोकले. नंदीशने ओळखलं असणार आणि काढून टाकलं असणार."

मला ते खोटं वाटत होतं. पण खोटं आहे असं म्हणायला माझ्याकडे काहीच नव्हतं.

३. धनाजी

निंगव्वाला फोन लावला. अक्कलकोटच्या पलीकडची, निम्मं कानडी बोलणारी बाई. पहिल्याच प्रश्नाला भडकली.

"घरी बसून कोण करतंय री मॅडम? आमची वाडी तर मी सगळ्यात आधी केले. घरापासनं सुरवात करायची नाही तर कुठून? दारोदार फिरले, चपला झिजल्या. आता माझ्याच भावकीतली मेंढरं खोकायलीत आणि लोक मलाच विचारायलेत."

राहिला धनाजी. मोजणाऱ्यांपैकी त्याच्या एकट्याच्या गावाला लस मिळाली होती, म्हणून बाकीचे सगळे त्याच्याकडे बोट दाखवत होते. मंगळवेढ्याच्या एसटी स्टँडवर त्याला गाठलं. हा पस्तिशीचा गडी, डोळ्यांत झोप नसलेला. मी काही विचारायच्या आतच म्हणाला, "तुमी बी तेच इचारणार. सायबाला काय चारलंस, व्हय ना?"

"नाही. मला एवढंच सांग, तुझं गाव सुटलं नाही, मग तुझ्या यादीतलं सुटलं कोणतं?"

 मग खाली बघून म्हणाला, "सासरवाडी. मेव्हणा तोंड बगंना झालाय माजं."

"सासरवाडी कधी मोजलीस?"

"सगळ्यात पयली. आमच्या गावची मेंढरं तवा भीमेकाठाला चरायला गेलती. ती परत येईपतुर म्हनलं सासरवाडी उरकून घ्यावी. का वं?"

स्टँडवर बार्शीची गाडी लागली होती, कंडक्टर ओरडत होता. मी बाकावरून उठलेच. राहत्या वाडीशी याचा संबंधच नव्हता. लोक घरापासून सुरुवात करतात म्हणून घर गायब दिसत होतं. गायब होत होती ती प्रत्येकाची पहिली फाईल.

पण पहिलीच का? आधी आलेल्या फायली प्रोग्रामने जुन्या म्हणून टाकल्या असतील, असं मनात आलं. मायाक्काला फोन करून विचारलं. ती कामावर सगळ्यांच्या मागून लागली होती. तिची पहिली फाईल पोचली तेव्हा निंगव्वाच्या अर्ध्या वाड्या झालेल्या होत्या आणि त्या यादीत नीट होत्या. म्हणजे तारखेचा दोष नव्हता.

"म्याडम," फोन ठेवताना मायाक्का म्हणाली, "आमच्या दोन मेंढ्यांच्या नाकातनं पानी यायलंय. उद्याला काय हुईल का?"

मी "बघू" म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? माझ्या हातात लस नव्हती, गाडी नव्हती, प्रोग्रामसुद्धा नव्हता. होतं ते एक अर्धवट कोडं. त्याने एकाही मेंढीचं नाक कोरडं होणार नव्हतं.

४. लग्नघर

दुसऱ्या दिवशी अक्कलकोटला गेले. नंदीशच्या दारात मांडव, सनई, आणि कानडी-मराठीची सरमिसळ. मला पाहुणी समजून एका बाईने हातात पत्रिका आणि सरबत दिलं. नंदीश सापडला तो मागच्या अंगणात खुर्च्या मोजताना. पोरगेलासा, हळदीच्या डागांचा शर्ट. मी कोण ते सांगितलं तसा त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, देवाशपथ सांगतो, मी कुणाची फाईल काढली नाही. प्रोग्राम प्रत्येक फाईल उघडतो. एकही सोडत नाही."

"उघडतो. वाचतो का?"

"वाचतो की. आता तर अडतसुद्धा नाही."

"आता? म्हणजे आधी अडायचा?"

तो खुर्चीवर टेकला. "पहिल्या आठवड्यात रोजच. मध्येच लाल अक्षरं यायची आणि सगळं ठप्प. राजशेखर सर मागे उभे राहून ओरडायचे, मला एरर नको, यादी पाहिजे. बायोडेटात आर येतं म्हणून लिहिलं होतं, पण मी नवाच होतो. मग इंटरनेटवर बघून एक उपाय घातला. त्यानंतर कधी अडला नाही. सर खूश झाले."

"कसला उपाय?"

त्याला मांडवातून हाक आली. "आलोच" म्हणून तो पळाला. मी भेट म्हणून नेलेला टॉवेलचा सेट पिशवीतून काढला. वर नवरीचं नाव लिहावं म्हणून पत्रिका उघडली. पहिल्या ओळीत गजानन प्रसन्न. दुसऱ्या ओळीत स्वामी समर्थ. मग कुलदैवत. नवरीचं नाव शोधायला मला नजर बरीच खाली न्यावी लागली. आपल्याला सवय असते, देवांच्या ओळी ओलांडून आपण बरोबर नावावर येतो, कुणी शिकवावं लागत नाही.

पेन हातात तसंच राहिलं. बिरोबाच्या नावानं चांगभलं! ती ओळ मी स्वतः पाहिली होती आणि तशीच ओलांडून खाली गेले होते.

तिथूनच मायाक्काला फोन लावला. "तू फाईलच्या वर देवाचं नाव घातलं होतंस. सगळ्या फायलींना?"

"न्हाय वं. पयल्या फाईलीला. नवं काम धरलं की पयल्यांदा नाव घ्यावं लागतंय की. मागनं कशाला? दर बारीला कोरा नमुना उघडायचा आन् भरायचा." मग तिने घाबरून विचारलं, "काय चुकलं का?"

५. उकल

बाकीच्या दोघांनाही फोन करून विचारलं. निंगव्वाने स्वामींचं नाव घातलं होतं. धनाजीने सासरवाडीच्या फाईलवर खंडोबाचं. ज्याचा जो देव, त्याचं नाव, आणि तेही फक्त नव्या कामाच्या पहिल्या पानावर. मी शाळेत नव्या वहीवर श्री काढल्याशिवाय पेन टेकवलं नाही. यांनीही तेच केलं.

नंदीश परत आल्यावर मी त्याला समोर बसवलं आणि लॅपटॉप उघडायला लावला.

"आर फाईल वाचताना पहिली ओळ काय समजते?"

"रकान्यांची नावं."

"पहिल्या ओळीत बिरोबा असला तर?"

त्याने घाईघाईने खंडुळवाडीची फाईल उघडली.

"तुझा प्रोग्राम 'मेंढ्या' नावाचा रकाना शोधतो. त्याला सापडतो बिरोबा. तो अडतो आणि लाल अक्षरांत तुला सांगतो की मला हे वाचता येत नाही. पहिल्याच आठवड्यात का अडायचा? कारण तेव्हा बहुतेकांच्या पहिल्या फायली येत होत्या. तू काय उपाय केलास?"

"जी फाईल अडेल ती सोडून पुढे जा, असं सांगितलं त्याला," तो पुटपुटला. "न बोलता."

"आणि मायाक्का नंतर आली तेव्हा तो न बोलताच तिची फाईल सोडून गेला. बरं. मग शून्य कुठून आलं? सोडलेल्या वाडीसमोर जागा कोरी राहायला पाहिजे होती."

"सर म्हणाले, यादीत कोऱ्या जागा वाईट दिसतात. म्हणून जिथे काही नाही तिथे शून्य भर असं..." त्याचं वाक्य पुरं झालं नाही.

मला त्या पोरावर ओरडायचं होतं. 'माहीत नाही' आणि 'नाही', यांतला फरक मी वर्षानुवर्षं वर्गात घसा फोडून सांगत आले आहे. पण तो रडकुंडीला आला होता, मांडवात त्याच्या बहिणीला हळद लागत होती आणि कुणाचं वाईट व्हावं असं त्याच्या मनातही नव्हतं. गुन्हेगार शोधायला निघाले होते. सापडला तो ओरडणाऱ्या साहेबाला घाबरलेला एक मुलगा, यादी चांगली दिसावी असं वाटणारा साहेब आणि देवाचं नाव घेऊन काम सुरू करणारी माणसं. कुणाला धरायचं?

त्याने तो उपाय काढून टाकला आणि प्रोग्राम चालवला. तो पहिल्याच देवापाशी अडला. लाल अक्षरं आली. ती बघून मला बरं वाटलं.

६. गाडी थांबली

संध्याकाळी राजशेखरच्या पुढ्यात सगळं मांडलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. नाकारलं काहीच नाही.

"पटतंय मॅडम. पण यादी मंजूर होऊन वर गेलीय. बदलायची तर मीटिंग घ्यावी लागेल."

"मेंढरं मरतायत."

"मला काय आनंद होतोय का?" तो म्हणाला, आणि मला वाटतं ते खरंच होतं. त्याने फोन फिरवले. मीही फिरवले. अर्ज दिला, भांडले, एका साहेबाच्या दाराबाहेर दुपारभर बसून राहिले. तोपर्यंत मायाक्काचे फोन येत होते. आधी ती विचारायची, "कवा येत्याल?" मग नुसतं सांगायची, आज तीन गेली, आज कोकरं गेली. शेवटी फोन यायचे थांबले.

लस दुसऱ्या जिल्ह्याला जायच्या आदल्या दिवशी गाडी निघाली. मी डॉक्टरांच्या शेजारी बसले होते. खंडुळवाडीच्या फाट्यावर गाडी थांबली, पण या वेळी रस्त्याकडेला कुणी नव्हतं.

डॉक्टर जाळी-जाळीतून फिरले. बऱ्याच ठिकाणी नुसती मान हलवली. "ताप आलेल्यांना टोचून उपयोग नाही, ताई. लस निरोगी जनावरालाच." धडधाकट मेंढरं त्यांनी टोचली. होती थोडी, वस्तीच्या पार टोकाला. तेवढी वाचली असं म्हणायचं.

मायाक्काच्या दारातली जाळी काढून गुंडाळून ठेवली होती. तिची सासू तानाबाई ओट्यावर बसली होती. मी तिच्यासमोर सगळं सांगितलं, की मायाक्काने फाईल वेळेवर पाठवली होती, तिची चूक नव्हती. म्हातारीने ऐकलं.

"मंजी देवाचं नाव घेतलं म्हनून झालं ह्ये?"

"नाही आजी. मशिनला वाचता आलं नाही आणि त्याने तसं सांगितलं नाही, म्हणून."

"येकच की," ती म्हणाली. मग सुनेकडे वळून तिने चहा टाकायला सांगितला. बऱ्याच दिवसांनी ती सुनेशी बोलली असावी, कारण मायाक्का चटकन उठली आणि चुलीकडे तोंड करून रडली.

संस्थेने तिला कामावर परत घेतलं होतं. उरलेली जनावरं नव्याने मोजायची होती. चहा झाल्यावर तिने टॅब काढला, कोरा नमुना उघडला आणि बोट वरच धरून माझ्याकडे पाहिलं.

"नवं काम हाय. लिवू का नगं?"

"लिही. आता कुठेही अडला तर प्रोग्राम ओरडून सांगेल. आणि देवाची ओळ ओलांडायची, हे त्याला शिकवलंय मी."

तिने सावकाश लिहिलं, बिरोबाच्या नावानं चांगभलं. त्याखाली रकाने. त्याखाली पहिलं घर म्हणून स्वतःचं, सासऱ्याच्या नावाने. मेंढ्यांच्या रकान्यात तिने शून्य टाकलं.

फाईल तिथूनच गेली. रात्री नंदीशने कळवलं की प्रोग्राम कुठेही अडला नाही, सगळ्या फायली वाचल्या, खंडुळवाडीही आली. पहिल्या घरापुढे शून्य दिसतंय, ते बरोबर आहे ना, असं त्याने विचारलं होतं. मी लिहिलं, हो, बरोबर आहे.